दोन दारं, दोन कॅमेरे: बडोद्याच्या एका सामायिक घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या शहरात, दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या आसपास, गायकवाडी अमदानीत इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची घरं अजून उभी आहेत. सागवानी खांब, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, मध्ये चौक. हे प्रकरण अशाच एका घरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं घेतलेली नाहीत आणि घराच्या रचनेतले एकदोन तपशील बदलले आहेत. माझा संबंध आला तो कॅमेऱ्यांच्या कामात सल्ला देणारा म्हणून.

घरात दोन चुली आहेत. तळमजल्यावर आप्पा आणि माई, दोघंही सत्तरीपुढचे. माडीवर आप्पांच्या दिवंगत धाकट्या भावाच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणते, म्हणून इथेही काकूच. घर दोन्ही भावांच्या नावावर, वाटणी झालेली नाही आणि कुणी मागितलेलीही नाही. आप्पांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे.

घर अरुंद आणि लांबलचक. पुढे ओटा, ओट्यासमोर चार-सहा दुचाक्या कशाबशा लागतील एवढी गल्ली. मध्ये चौक, त्यात मोरी, तुळस आणि दोन्ही चुलींचे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. मागे एक अंधारी खोली, आणि तिचं दार उघडतं ते पाचेक फूट रुंदीच्या बोळात. सफाईवाले आणि कुत्री सोडली तर त्या बोळात कुणी फिरकत नाही.

चोरी

नोव्हेंबर २०२४मध्ये, दिवाळी उरकल्यावर, एका पहाटे चौकातला तांब्याचा बंब गेला. सोबत पितळेची दोन घंगाळी आणि पाण्याच्या मोटारीची केबल. बंब कुणी रोज पेटवत नव्हतं, पण तो आप्पांच्या आईच्या वेळचा होता आणि तांब्याला भंगारात भाव आहे हे चोराला पक्कं ठाऊक होतं. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती. दाराच्या फळ्या आक्रसून पडलेल्या फटीतून सळई घालून ती वर सरकवली होती.

पोलिसांत तक्रार झाली. मुलाने पुण्याहून त्याच रात्री एक वायफाय कॅमेरा मागवला आणि डिसेंबरच्या सुट्टीत येऊन तो जिन्याच्या वळणावर, चौकाकडे तोंड करून लावला. गोल फिरणारा, बोलता-ऐकता येणारा, मेमरी कार्डवर साठवणारा. चोरी चौकात झाली, म्हणून कॅमेरा चौकात. हा पहिला निर्णय, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं.

पहिल्या कॅमेऱ्याचं काय झालं

कॅमेरा वाईट नव्हता. पण चौक उघडा असल्यामुळे दोरीवरची साडी हलली की मोबाइलवर सूचना, मांजर आलं की सूचना, माकडं कौलांवरून उतरली की सूचनांचा पाऊस. मुलाने कंटाळून सूचना बंद केल्या, म्हणजे कॅमेरा नुसता साठवत राहिला, आणि कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहीत राहिला. वायफायचा राउटर पुढच्या खोलीत. तिथून चौकापर्यंत सिग्नल यायचा, मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे काहीच नाही. त्यामुळे ज्या दारातून चोर आला ते दार कॅमेऱ्याच्या नजरेत नव्हतं. चोर पुन्हा आलाच असता तर तो घरात शिरल्यानंतर, सामान उचलताना दिसला असता.

खरी अडचण मात्र निराळी होती. एके दुपारी काकू चौकात कपडे वाळत घालत होत्या. जिन्यावरून आवाज आला, "काकू, मागच्या खोलीचं चौकातलं दार उघडंच राहिलंय." पुतण्या पुण्याच्या ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत, कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून बोलत होता. त्याने सांगितलं ते बरोबरच होतं. काकूंनी दार लावलं, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून कपडे गच्चीवर न्यायला लागल्या. गुडघेदुखी असलेल्या बाईने ओल्या कपड्यांची बादली घेऊन दोन जिने चढायचे. माईंना हे आठवड्याभराने लक्षात आलं, आप्पांना त्याहून उशिरा, आणि मुलाला कुणी सांगितलंच नाही.

मे २०२५मध्ये मी पहिल्यांदा त्या घरात गेलो तो आप्पांच्या सांगण्यावरून, "आणखी कॅमेरे कुठे लावायचे" हे ठरवायला. काकूंनी चहा आणून ठेवला आणि कपाखाली वर्तमानपत्राचं कात्रण. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या वर्षाच्या सुरुवातीला एका सामायिक घराच्या वादात निकाल दिला होता: राहत्या घराच्या आतल्या भागात, सोबत राहणाऱ्या सहहक्कदाराच्या संमतीशिवाय सीसीटीव्ही चालवता येणार नाही, तो त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. वाद होता दोन भावांमधला. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या निकालात हात घालायला नकार दिला होता. काकू एवढंच म्हणाल्या, "मला कोर्टात जायचं नाहीये. पण वाचून ठेवा."

निर्णयाचा पहिला टप्पा: काय पाहायचं आहे?

त्या वेळी टेबलावर एका ठेकेदाराचं कोटेशन होतं. आठ कॅमेरे, दोन मेगापिक्सेलचे, डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी), केबल, मजुरी, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. ओट्यावर दोन, चौकात दोन, जिन्यात एक, गच्चीवर दोन, मागच्या खोलीत एक. कागदावर भरघोस दिसत होतं. पण त्या आठांतला एकही कॅमेरा मागच्या बोळात नव्हता, कारण बोळापर्यंत केबल न्यायला भिंत पाडून भोक मारावं लागलं असतं.

इथे मी कॅमेऱ्यांची चर्चा थांबवून घराचा नकाशा कागदावर काढायला लावला. आप्पा जुने ड्राफ्ट्समन, त्यांनी मापं टाकून काढला. त्यावर प्रश्न एकच: बाहेरचा माणूस आत येऊ शकतो अशा जागा किती? पुढचं दार, मागचं दार, आणि शेजारच्या गच्चीवरून आपली गच्ची. गच्चीच्या दाराला आतून लोखंडी जाळी होती आणि तिचं कुलूप काकू रोज संध्याकाळी लावतात. म्हणजे दारं दोन. चौक ही घरातल्यांची जागा. तिथे बाहेरचा माणूस दिसेल तेव्हा तो आत आलेला असणार. चौकावर नजर ठेवायचं कारणच उरत नव्हतं, आणि काकूंच्या कात्रणाचं उत्तर कायद्यात शिरण्याआधीच नकाशावर मिळालं.

मुलाला हे फोनवर पटवायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, आई-आप्पा चौकात पडले तर कळायला हवं. मुद्दा रास्त आहे, पण तो चोरीचा नाही, म्हाताऱ्या माणसांच्या काळजीचा आहे, आणि त्यासाठी गळ्यात घालायचं बटण किंवा दिवसातून दोन ठरलेले फोन जास्त कामाचे. दोन वेगळी कामं एका कॅमेऱ्यावर लादली की घरोघरी हाच घोळ होतो असं मी पाहत आलो आहे. चौकातला कॅमेरा काढायचं ठरलं.

त्याच दिवशी मागच्या दाराची फट पट्टी ठोकून बुजवली आणि आतून आडवा लाकडी अडसर बसवला. सुताराने सहाशे रुपये घेतले. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा खर्च मी तोच धरतो.

निर्णयाचा दुसरा टप्पा: किती दिसायला हवं?

"चार मेगापिक्सेल घेऊ की आठ?" हा दुकानात पहिला विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर अंतरावर आहे. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत ढोबळ मापं दिली आहेत: अनोळखी माणसाचा चेहरा नक्की करायचा तर त्याच्या जागी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल पडायला हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, नुसतं कुणीतरी आहे एवढं कळायला २५.

हिशेब ओट्यावर बसून करता येतो. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र २,५६० पिक्सेल रुंद असतं. २.८ मिलिमीटरची भिंग साधारण १०० अंश पाहते. चार मीटरवर तिच्या चौकटीत साडेनऊ मीटर रुंदी मावते, म्हणजे मीटरला २७० च्या आसपास पिक्सेल. चेहरा पक्का. गल्लीच्या तोंडाशी, बारा मीटरवर, तोच आकडा नव्वदवर येतो. तिथे उभा असलेला माणूस दिसेल, कोण ते सांगता येणार नाही. ठेकेदाराच्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चेहरा पक्का मिळायची हद्द तीन-सव्वातीन मीटरवरच संपली असती, आणि आठ कॅमेरे असले तरी ती हद्द तेवढीच राहते.

आप्पांच्या ओट्यापासून दुचाक्या तीन-चार मीटरवर लागतात. म्हणून पुढे २.८ ची भिंग चालेल, गल्लीच्या तोंडाची अपेक्षा सोडायची, असं ठरलं. मुलाला गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्या गाड्यांचे नंबरही हवे होते. त्यासाठी लांब भिंगेचा वेगळा कॅमेरा लागतो आणि तो दुसरं काहीच दाखवत नाही. खर्चाकडे पाहून ते वगळलं. (या निर्णयाकडे शेवटी पुन्हा यावं लागलं.)

मागचा बोळ अरुंद. आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती दिसतात, निम्मं चित्र वाया. इथे ४ मिलिमीटरची भिंग घेऊन कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून लावला आणि सेटिंगमध्ये चित्र उभं केलं. कॉरिडॉर मोड म्हणतात त्याला. उभ्या चौकटीत बोळ डोक्यापासून शेवटच्या गटाराच्या झाकणापर्यंत मावतो, आणि दारापासून सात मीटरपर्यंत चेहरा पक्का मिळतो.

पर्याय तोलताना

बॅटरी आणि सौर पट्टीवाला कॅमेरा मुलाला आवडला होता, कारण वायर नाही. पण मागच्या बोळात सूर्य जेमतेम दुपारी डोकावतो. शिवाय असे कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपलेले असतात आणि हालचाल जाणवली की जागे होतात. जागं व्हायला क्षणभर लागतो, आणि अरुंद बोळात तेवढ्यात माणूस पुढे निघून जातो. मिळते ती त्याची पाठ. बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा कॅमेरा आप्पांनी सुचवला. घरात कुणी बटण बंद केलं की कॅमेराही बंद. त्यावर माई हसल्या, कारण दिवे बंद करत फिरायची सवय आप्पांचीच.

उरले दोन: डीव्हीआरवाला जुना प्रकार, आणि एकाच नेटवर्क केबलमधून वीज व चित्र दोन्ही नेणारा पीओई कॅमेरा, त्याच्या एनव्हीआर या साठवणाऱ्या पेटीसकट. चांगल्या तांब्याच्या कॅट-६ केबलवर पीओई शंभर मीटरपर्यंत चालतो, बाहेर कॅमेऱ्याजवळ विजेचा पॉइंट लागत नाही, आणि पावसात भिजणारा अडॅप्टर हा कायमचा डोकेदुखीचा विषय संपतो. फक्त केबल खरंच तांब्याची आहे का हे पाहावं लागतं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल निम्म्या भावात मिळते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे (अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातच असलेले) लागून भार वाढला की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. टोक चाकूने खरवडलं तर आतला पांढरा रंग दिसतो. दुकानदारासमोरच खरवडावं.

मे महिन्याचं आणखी एक निमित्त होतं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारचे सुरक्षा चाचण्यांचे नवे नियम ९ एप्रिल २०२५पासून लागू झाले होते. घाऊक बाजारात जुना माल स्वस्तात निघत होता आणि त्याचा मोह मोठा होता. आम्ही नव्या नियमांखाली नोंद झालेला कॅमेरा मागितला. दोन दुकानांनी "सगळे सारखेच असतात" असं सांगितलं, तिसऱ्याने कागद दाखवले. तिसऱ्याकडून घेतला.

निर्णयाचा तिसरा टप्पा: एनव्हीआर कुणाच्या खोलीत?

साठवणारी पेटी कुठे ठेवायची हे सहसा शेवटी, उरलेल्या जागेत ठरतं. इथे त्यावरच सगळं फिरलं.

ठेकेदाराने ती पुढच्या खोलीत, टीव्हीखाली धरली होती. तिथे चोराच्या हाताला ती पहिली लागली असती. दुसरं कारण पाण्याचं. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहराच्या मोठ्या भागात घुसलं. या घरात ते पुढून आलं नाही, पण चौकातली मोरी उलटी वाहायला लागली आणि तळमजल्यावर घोट्याएवढं पाणी दोन दिवस राहिलं. म्हणजे पेटी माडीवर हवी. माडी काकूंची.

विचारायला आप्पा स्वतः गेले. इतकी वर्षं एका घरात राहून वहिनीच्या खोलीत काही ठेवू का असं त्यांनी कधी विचारलं नसावं. बाहेर येताना घाम पुसत होते. काकूंनी दोन अटी घातल्या. चौकात आणि जिन्यात कॅमेरा येणार नाही, आणि पेटीचा मुख्य पासवर्ड त्यांच्याकडे राहील. मग पेटी त्यांच्या कपाटावर, छतालगत, जाळीच्या दाराच्या छोट्या खणात गेली.

या दोन अटींनी ज्याची मला सगळ्यात धास्ती असते तो प्रश्न सुटला. बहुतेक ठिकाणी कॅमेरे बसवणारा माणूस ॲपचं खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडतो, पासवर्ड तोच ठेवतो जो गावभर ठेवलेला असतो, आणि घरच्यांना फक्त पाहायची सोय देऊन निघून जातो. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी न बदलल्यामुळे. इथे खातं काकूंच्या नावाने उघडलं. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, आम्ही पाठ फिरवून उभे होतो. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना बाहेरून वाट आपोआप उघडून देणारी सोय, बंद केलं. आप्पांना आणि मुलाला फक्त थेट चित्र दिसतं. मागचं काही काढायचं तर माडीवर जावं लागतं.

मग एका पानाचा कागद झाला. दोन कॅमेरे कुठे आहेत, त्यांत काय दिसतं, आवाज साठवायचा नाही, स्पीकर वापरायचा नाही, तीन आठवड्यांनी जुनं आपोआप पुसलं जाईल, नवा कॅमेरा लावायचा तर दोन्ही चुलींनी हो म्हटल्याशिवाय नाही. आप्पा, काकू आणि पुण्याहून आलेला मुलगा, तिघांच्या सह्या. २०२३चा वैयक्तिक डेटाचा कायदा खासगी, घरगुती वापराला लागू होत नाही, त्यामुळे या कागदाची कुणी सक्ती केलेली नव्हती.

काय बसवलं आणि कसं

दोन कॅमेरे, चार जागांचा एनव्हीआर, एक टेराबाइटची सीसीटीव्हीसाठी बनवलेली हार्ड डिस्क, ६०० व्हीएचा यूपीएस. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहितो, म्हणजे दोघांचे मिळून दिवसाला ४३ जीबी. एक टेराबाइट तीन आठवड्यांहून थोडं जास्त पुरतं. केबल, पाइप, मजुरी धरून सत्तावीस हजारांच्या आत बसलं. आठ कॅमेऱ्यांच्या कोटेशनएवढेच पैसे, म्हणून आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते.

पुढचा कॅमेरा ओट्याच्या तुळईला, जमिनीपासून पावणेनऊ फुटांवर. याहून वर नेला तर फक्त टाळू दिसतात. बुलेटऐवजी टरेट, म्हणजे बसका गोल कॅमेरा घेतला, कारण या भागात वानरं येतात आणि बुलेटची लांब नळी त्यांना मुठीत धरायला सोयीची पडते. शेजारच्या घरात एका वानराने कॅमेरा आभाळाकडे वळवून ठेवला होता.

समोरच्या घराचं दार कॅमेऱ्यात येत होतं, त्यांची बैठकही दिसत होती. तेवढ्या भागावर प्रायव्हसी मास्कची काळी पट्टी टाकली आणि समोरच्या मासींना पडद्यावर दाखवलं. मासी पट्टीवर खूश, पण त्यांची मागणी भलतीच: "भाई, अमारुं स्कूटर पण देखाय एवुं करजो ने!" काकूंना दिसायचं नव्हतं आणि मासींना दिसायचं होतं. पट्टी दाराएवढीच ठेवून स्कूटर आत घेतली.

केबलचा सोपा रस्ता गच्चीवरून, कठड्याला बांधून मागे टाकायचा. ठेकेदाराच्या माणसाने तेच सुरू केलं होतं. बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर काय चालतं हे माहीत असलेल्या कुणीही उघडी केबल गच्चीवर टाकू नये; मांज्याला आणि पतंगासाठी धावणाऱ्या पोरांना ती पुरून उरत नाही. केबल छज्जाखालून, पाइपातून, चौकाच्या कडेने नेली. चाळीस फूट जास्त लागली.

मागच्या कॅमेऱ्याने पहिल्या रात्री पांढरंफेक चित्र दिलं. भिंत चुन्याची आणि कॅमेरा तिला चिकटून. त्याचे इन्फ्रारेड दिवे भिंतीवर आपटून परत येत होते, त्यामुळे बोळ काळा आणि भिंत दिव्यासारखी. कॅमेरा आठ इंच आडव्या हातावर पुढे काढला आणि दारावर अंधार पडताच लागणारा नऊ वॉटचा दिवा बसवला. त्या दिव्यामुळे रात्रीही रंग दिसतात. जोडणी जंक्शन बॉक्समध्ये, केबलला खाली झोल देऊन, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून बॉक्सात न शिरता झोलावरून टपकतं.

कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलं होतं, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. हे मानक कॅमेऱ्याच्या डब्याचं असतं. शेपटीला लोंबणाऱ्या केबलच्या टोकाला ते लागू नाही, आणि पावसात मरतात त्यातले बरेच कॅमेरे त्या टोकातून मरतात.

पुढच्या आठ महिन्यांत

पावसाळा बरा गेला. पुढच्या कॅमेऱ्यावर पागोळ्या पडून भिंगेवर थेंबांचे डाग राहायचे, म्हणून वर पत्र्याची छोटी पट्टी लावली. पावसानंतर कोळी आले. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी, आणि रात्री जाळं चित्रभर पांढऱ्या दोरांसारखं चमकतं. माई पंधरा दिवसांनी केरसुणी फिरवतात.

मुलाच्या मोबाइलवर सूचना फक्त मागच्या बोळाच्या, फक्त माणूस दिसला तर, आणि फक्त रात्री अकरा ते पाच. नवरात्रातही त्या चालू ठेवल्या. गल्ली गरब्याला गेलेली असते आणि घरं ओस असतात तीच वेळ नेमकी.

उत्तरायणात मांज्याने गल्लीतली इंटरनेटची हवाई केबल तुटली. दीड दिवस नेट नव्हतं. कॅमेरे घरातल्या घरात साठवत राहिले. क्लाउडवर अवलंबून असलेल्या शेजाऱ्यांकडे त्या दीड दिवसाचं काहीच नाही.

जानेवारी २०२६च्या अखेरीस, पहाटे तीनच्या सुमारास, मासींची स्कूटर गेली. दोन माणसांनी ती चालू न करता ढकलत नेली. एकाने तोंडावर रुमाल बांधला होता. दुसरा वाकून हँडल-लॉकशी खटपट करत असताना चार मीटरवर, रस्त्यावरच्या दिव्याखाली, त्याचा चेहरा स्वच्छ आला. ते ज्या बाइकवर आले ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि तिची नंबरप्लेट पांढरा चौकोन होऊन बसली.

पोलीस आले, पेनड्राइव्ह मागितला. पडद्यावर पहाटेचे ३.१९ दिसत होते आणि प्रत्यक्षात ३.०८ असायला हवे होते. एनव्हीआरचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवायची खूण कुणी केलीच नव्हती. पंचनाम्यात फरक वेगळा नोंदवावा लागला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत दाखला लागतो. त्याचा पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या ठशासारखा आकडा, त्यात लिहायचा. यंत्र काकूंच्या ताब्यात. सही काकूंनी केली, आणि त्याआधी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला.

चेहऱ्यावरून एकाची चौकशी झाली. स्कूटर हे लिहीपर्यंत मिळालेली नाही. बंबही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबर २०२४मध्ये कॅमेरा लावण्याआधी मुलाने काकूंना विचारलं असतं तर पाच-सहा महिन्यांचा अबोला टळला असता. विचारायला संधीही होती. त्याने भोक मारलं तेव्हा शिडी धरायला काकूच उभ्या होत्या.

नंबरप्लेटचा कॅमेरा वगळायचा निर्णय मी आजही तसाच घेईन, पण त्याचा दुसरा अर्धा भाग करायला हवा होता: गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून तोंडाशी एक कॅमेरा. चोरीनंतर आता ती बोलणी चालू आहेत. अडलंय ते पैशांवर नाही, एनव्हीआर कुणाकडे ठेवायचा यावर. मासींचं म्हणणं, काकूंकडेच. काकू म्हणतात, माझ्याकडे नको, दर वेळी पोलीस माडीवर येतील.

घड्याळाचं काम एका मिनिटाचं होतं आणि ताबा देताना तपासायच्या यादीत नव्हतं. आता आहे. त्याच यादीत आणखी एक ओळ गेली: बसवल्यावर पहिल्या महिन्यातच एकदा पाच मिनिटांचं चित्रण पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालतं का पाहायचं. या घरात ते पोलिसांसमोर पहिल्यांदा केलं गेलं, आणि चित्रण कंपनीच्याच प्लेयरमध्ये उघडतं हे तेव्हा कळलं.

मागच्या बोळातला दिवा आधी लावून मग कॅमेरा निवडला असता तर इन्फ्रारेडची सगळी खटपट वाचली असती. कदाचित स्वस्तातला कॅमेराही चालला असता.

मार्चमध्ये काकूंनी विचारलं, चौकातल्या जुन्या कॅमेऱ्याचं काय केलं? तो मुलाच्या खोलीतल्या कपाटात पडून आहे. त्यांना तो गच्चीच्या दाराला हवाय, आतून, जाळीकडे तोंड करून, कारण हल्ली शेजारच्या गच्चीवर बांधकामाचे मजूर झोपतात. कागदाप्रमाणे दोन्ही चुलींची संमती लागेल. आप्पांनी अजून सही केलेली नाही. त्यांना आधी जाळीचं कुलूप बदलून पाहायचं आहे.